शब्दाला धार, कागदावर सही : हार्डकोर अल्बमविषयी वाचकांचे प्रश्न

हिप-हॉपचा पूर्ण अल्बम स्वतः करायचा आणि स्वतःच प्रसिद्ध करायचा, या विषयावर या महिन्यात कळव्यापासून पनवेलपर्यंतच्या वाचकांचे प्रश्न आले. बहुतेकांचा रोख हार्डकोर प्रकारावर आहे. १९८० च्या दशकात न्यूयॉर्क परिसरात रन-डीएमसी, पब्लिक एनिमी अशा मंडळींनी रुजवलेला हा प्रकार म्हणजे दणकट ड्रम, चढा सूर आणि आडपडदा न ठेवणारे शब्द. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांब पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : हिंदीत लिहिलं की शब्द बीटवर बसतात, मराठीत लिहिलं की मागे पडतात. दम पण पुरत नाही. मराठी रॅपसाठी जड भाषा आहे का? (कळवा)

भाषा जड नाही, ओळ जड झाली आहे. आधी हिशेब करा. एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा जागा. ९० बीपीएमवर (मिनिटाला ९० ठोके) सोळा बार साधारण ४३ सेकंदांत संपतात, १४० वर २७ सेकंदांत. सोळा जागा आहेत म्हणून सोळाही भरायच्या नसतात. ९० च्या बीटवर बारला दहा ते तेरा उच्चार सुखाने बसतात. चौदाच्या पुढे गेलात की श्वासाची जागा तुम्ही स्वतःच खाल्लीत. ड्रिल या वेगवान उपप्रकाराच्या १४० च्या बीटवर सगळ्या जागा धरून रॅप करणं फार थोड्यांना जमतं. बाकीचे तो बीट ७० चा समजूनच चालतात, तुम्हीही तसंच करा.

उच्चार मोजताना लिहिलेली अक्षरं मोजू नका, तोंडातून निघणारे मोजा. ‘घर’ एक, ‘घरात’ दोन, ‘स्टेशनसमोरच्या’ चांगले पाच. मराठीत ओळ फुगते ती अशा विभक्ती-प्रत्ययांच्या शेपटांमुळे. पाच उच्चारांचा शब्द नुसता पत्ता सांगण्यात जात असेल तर तो काढा आणि जागा दोन उच्चारांत दाखवा.

दुसरी अडचण यमकाची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘बोलतो, चालतो, जाळतो’ हे यमक फुकट मिळतं. फुकटचं आहे म्हणूनच ते पोकळ वाजतं. ऐकणाऱ्याला तिसऱ्या ओळीपासून पुढचा शेवट आधीच कळलेला असतो. क्रियापद ओळीच्या मध्ये ओढा आणि शेवटी नाम ठेवा. ‘खाडीवरचा पूल, गाडीवरची धूळ’ हे बघा. पाच उच्चारांपैकी चारांचे स्वर जुळले, शेवटी ल आणि ळ वेगळे असूनही कान तक्रार करत नाही. असं यमक सापडायला वेळ लागतो, पण एका कडव्यात अशा दोन जोड्या असल्या तरी बाकीच्या ओळी साध्या चालतात.

श्वासासाठी दर दुसऱ्या बारच्या शेवटच्या दोन-तीन जागा मोकळ्या ठेवा आणि वहीत तिथे फुली मारा. रेकॉर्डिंगला उभं राहिल्यावर श्वास कुठे घ्यायचा ते शोधणारा रॅपर ओळीचा शेवट गिळतोच.

आणि एक. तुमच्या पत्रात मधूनमधून आगरी डोकावते, गाण्याच्या कागदावर मात्र शाळेच्या निबंधाची मराठी आहे. घरात जी बोलता तीच ठेवा. प्रमाण मराठीत शिवलेला राग उसना वाटतो.

प्रश्न : बजेट पंधरा हजार. घर रस्त्याला लागून, मागे रेल्वेलाइन. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तरी आवाज डब्यात बसल्यासारखा येतो. कंडेन्सर माइक घ्यावा का? (ऐरोली)

ट्रे काढून टाका. पातळ पुठ्ठा फार तर अगदी वरच्या पट्टीतला थोडा आवाज विखरतो. डब्यासारखा जो आवाज येतो तो २०० ते ५०० हर्ट्झमधला असतो, त्याला जाडी आणि वजन लागतं. बाहेरचा आवाज थांबवणं तर ट्रेच काय, फोमनेही होत नाही. त्यासाठी जड भिंत, बंद फटी लागतात.

भाड्याच्या खोलीत चालणारा उपाय असा. खोलीच्या कोपऱ्यात किंवा बरोबर मध्ये उभं राहू नका. लांब बाजूच्या भिंतीपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर या. तुमच्या पाठीमागे जाड गोधड्या किंवा रजया दोन पदरी टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. पाठीमागेच का, तर माइक तुमच्याकडे तोंड करून असतो आणि तुमच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्याच्यात शिरतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवलं तरी मदत होते. टाळी वाजवून बघा, शेवटी ‘टिंग’ असा बारीक धागा ऐकू येत असेल तर अजून कापड हवं. घर स्वतःचं असेल तर ५० मिलिमीटर जाडीच्या रॉकवूलच्या पट्ट्या लाकडी चौकटीत बसवून वर कापड ताणा. उघडा रॉकवूल ठेवू नका, त्याचे तंतू त्वचेला आणि घशाला त्रास देतात.

तुमच्या जागेत कंडेन्सर नकोच. तो रस्ता, पंखा, शेजारचा मिक्सर सगळं टिपेल. शुअर एसएम५८ किंवा त्या जातीचा कुठलाही चांगला डायनॅमिक माइक घ्या. व्हिडिओत सगळ्यांकडे दिसतो तो एसएम७बी तुमच्या बजेटच्या बाहेर आहेच, शिवाय त्याचा आवाज सुमारे ६० डेसिबल वाढवावा लागतो, त्याला गेन म्हणतात. स्वस्त इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) तेवढा देताना सूं-सूं करतो. उरलेले पैसे दोन इनपुटचा साधा इंटरफेस, पॉप फिल्टर (तोंडातली हवा अडवणारी जाळी), स्टँड आणि मागून बंद असलेल्या हेडफोनवर लावा. उघड्या हेडफोनमधला बीट माइकमध्ये झिरपतो आणि मग तो आवाजापासून वेगळा करता येत नाही.

माइक तोंडापासून दहा ते पंधरा सेंटिमीटरवर, थोडा तिरका. मराठीत भ, फ, प, घ यांचा मारा जास्त. सरळ समोर उभं राहिलात तर ‘भिडू’ म्हणताना हवेचा धक्का बसून स्पीकर हलतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर करा, लेव्हलचे शेंडे उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागेपर्यंत चढवण्यात काही मिळत नाही, फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत घेतो त्यांचा आकार, १२८ सॅम्पल ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झवर त्यामुळे होणारा उशीर एका दिशेला ३ मिलिसेकंदांच्या आत राहतो. ५१२ वर ठेवलात तर स्वतःचा आवाज उशिरा कानात येतो आणि माणूस नकळत बीटच्या मागे जातो. वरच्या कळव्याच्या वाचकांनी हेही एकदा तपासावं.

पंखा आणि एसी टेकपुरते (एका वेळच्या रेकॉर्डिंगपुरते) बंद करा. ऐकताना पंखा जाणवत नाही, पण मिक्समधला कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं साधन) शांत जागा उचलतो तेव्हा तोही दहा डेसिबल वर येतो. ‘हम्म’ असा ५० हर्ट्झचा सूर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर दोष अर्थिंगचा आहे, माइकचा नव्हे. गाड्यांचं म्हणाल तर शेवटची लोकल गेल्यावर, किंवा रविवारी ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक असेल तेव्हा दुपारी. तो ब्लॉक कधी नव्हे तो कुणाच्या तरी कामी येईल.

प्रश्न : दोन टेकमध्ये घसा बसतो. मोठ्या रॅपरांचा आवाज इतका चिडलेला आणि तरी स्पष्ट कसा? (कोपरखैरणे)

ते ओरडत नसतात. माइकपाशी मध्यम आवाजात, दात-ओठ आणि जीभ यांवर जोर देऊन बोलतात. बाकीचं काम थर करतात. ओरडल्यावर स्वर ताणला जातो आणि व्यंजनं मागे राहतात. शब्दाला धार येते ती व्यंजनांनी, आणि ट, ड, ख, ळ मराठीत आयतेच आहेत.

आधी मुख्य टेक घ्या, चार-चार बारचे तुकडे करून घेतलात तरी चालतं. मात्र पुढचा तुकडा घेताना मागची एक ओळ सोबत बोलत यायचं, नाहीतर जोडाच्या ठिकाणी जोर बदललेला कळतो. मग डबल, म्हणजे त्याच शब्दांचा दुसरा टेक घ्यायचा, पण पूर्ण कडव्याचा नाही, फक्त ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांचा. मुख्य टेकची प्रत करून चिकटवली तर डबल होत नाही, नुसता आवाज वाढतो. तो पुन्हा बोलावाच लागतो. त्यानंतर अ‍ॅड-लिब, म्हणजे मधले हुंकार आणि उत्तरं. हे माइकपासून हातभर मागे जाऊन थोडे मोठ्याने, डावीकडे-उजवीकडे ६० ते ७० टक्के सरकवायचे आणि २५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं, म्हणजे मुख्य आवाजाच्या अंगावर येत नाहीत.

मिक्समध्ये मुख्य आवाजाला ८० हर्ट्झखाली काट, ३०० ते ५०० मध्ये दोन-तीन डेसिबल कमी, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये ‘स’ टोचत असेल तर डी-एसर. एकाच कॉम्प्रेसरवर दहा डेसिबल दाबण्यापेक्षा दोन लावा. पहिला वेगवान, ४:१ वर, फक्त शेंडे पकडणारा. दुसरा सावकाश, दोन-तीन डेसिबलचा. शेवटी किंचित सॅच्युरेशन, म्हणजे आवाज थोडासा फाटल्यासारखा करणारा परिणाम. तुम्हाला हवा असलेला चिडका खरखरीतपणा त्यातून येतो, घशातून आणायची गरज नाही.

दोन तासांहून लांब सत्र लावू नका. कुजबुजण्यानेही घसा ताणतो, विश्रांती म्हणजे पूर्ण गप्प. तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : कारमध्ये बेस छाती हलवतो, फोनवर लावलं की गाण्यात बेसच नाही. (मुंब्रा)

फोनच्या स्पीकरला दीड-दोनशे हर्ट्झखालचं फारसं वाजवताच येत नाही. रोलँडच्या १९८० च्या टीआर-८०८ या ड्रमच्या यंत्रावरून आलेला लांब बेस, ज्याला सगळे एट-ओ-एट म्हणतात, त्याचा मूळ सूर एफ पट्टीत ४४ हर्ट्झच्या आसपास असतो. तो वाढवून फोनवर येणार नाही, उलट कारचे स्पीकर फाटतील. त्या ट्रॅकवर सॅच्युरेशन किंवा हलकं डिस्टॉर्शन लावा, म्हणजे ८८, १३२, १७६ अशा वरच्या पटीतले सूर तयार होतात. मूळ सूर नसतानाही कान त्यांच्यावरून बेस ओळखतो.

एट-ओ-एट गाण्याच्या पट्टीत आहे का तेही बघा. सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाजाचा तुकडा) ‘सी’चा आणि बीट ‘एफ मायनर’चा, आणि कुणी कीबोर्डवर मूळ सूर बदललाच नाही, असं सर्रास होतं. नवख्याला ते बेसूर वाटत नाही, फक्त ‘काहीतरी चिखल आहे’ असं वाटतं. किक (ड्रमचा जाड ठोका) आणि एट-ओ-एट एकाच क्षणी पडत असतील तर किकच्या वेळी एट-ओ-एट साइडचेनने, म्हणजे एका आवाजाने दुसरा दाबण्याच्या जोडणीने, पन्नास-साठ मिलिसेकंद दबू द्या. १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे सारखंच ठेवा.

जाता जाता लाउडनेस. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणून वाजवतं. तुम्ही मास्टर (गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग) चिरडून उणे ६ चा केलात तर ते आठ डेसिबल खाली ओढतं, हाती उरतात फक्त चपटे ड्रम. हार्डकोरला उणे ९-१० पर्यंत जायला हरकत नाही, घनता हा त्या आवाजाचाच भाग आहे. पण स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) आपटल्यासारखा वाटायचा थांबला की लिमिटर, म्हणजे शेंडे दाबून आवाज चढवणारं साधन, मागे घ्या. ट्रू पीक (सगळ्यात उंच शेंडा) उणे १, आणि मास्टर इतका चढा असेल तर उणे २ डेसिबल ठेवलेला बरा, नाहीतर एमपी३ किंवा ओग होताना शेंडे कापले जातात.

प्रश्न : बीट ‘फ्री’ लिहिलेला यूट्यूबवरून घेतला आहे. दुसऱ्या गाण्यात जुन्या लोकगीताच्या कॅसेटमधला संबळ वापरलाय, फक्त पाच सेकंद. चालेल ना? (नेरूळ)

दोन्हींत अडकाल.

‘फ्री’ म्हणजे बहुतेक वेळा पैसे न कमावता वापरायला मोकळा. गाणं स्ट्रीमिंगवर गेलं की तो व्यवसाय झाला. लीज, म्हणजे बीट वापरण्याचा परवाना, विकत घेतलीत तरी अटी वाचा. किती स्ट्रीमपर्यंत, व्हिडिओ चालतो का, वेगवेगळे ट्रॅक मिळणार की एकच एमपी३. एकच एमपी३ घेतलात तर मिक्समध्ये किक खाली करणं शक्य नाही. आणि ही गोष्ट अगदी हमखास चुकते : एक्स्क्लुझिव्ह (फक्त तुम्हालाच विकलेला) नसलेल्या बीटवर गाणं करून डिस्ट्रिब्युटरच्या (गाणं स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्याच्या) फॉर्मवर यूट्यूब कंटेंट आयडीला, म्हणजे तोच आवाज इतरांच्या व्हिडिओंत शोधून दावा लावणाऱ्या यंत्रणेला, टिक केली जाते. तोच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेला असतो, त्यांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे जातात आणि तुमच्यावर त्यांचे. शेवटी डिस्ट्रिब्युटर खातं गोठवतो. एक्स्क्लुझिव्ह नसेल तर ती टिक करायचीच नाही.

पाच सेकंद, सात सेकंद, आठ मात्रा अशी सूट कॉपीराइट कायद्यात नाही. अमेरिकेत १९९१ साली रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यातल्या सॅम्पलवर न्यायालयाने दणका दिला, तेव्हापासून तिथे परवानगीशिवाय सॅम्पल म्हणजे उघड धोका झाला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. लोकगीत परंपरेने सगळ्यांचं असेल, त्या कॅसेटवरचं वादन कंपनीचं आहे.

मार्ग सोपा आहे. संबळवाल्याला बोलवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात गोंधळी आणि बँजो पार्ट्यांची कमतरता नाही. दोन्ही संबळांना वरून एकेक माइक, हातभर अंतरावर, आणि वीस मिनिटं सलग वाजवू द्या. क्लिक कानात घालून वाजवायला लावलंत तर त्याचा झोक मरतो, मोकळं वाजवू द्या. नंतर उत्तम चार-आठ बार निवडून बीटच्या वेगाला ओढा. पाच-सहा टक्क्यांपर्यंत ओढलेलं कळत नाही, त्यापुढे चामड्याचा आवाज रबरासारखा होतो. ढोलकी घेत असाल तर वादकाला आधीच सूर सांगा. एफ मायनर म्हणू नका, ‘पांढरी चार’ म्हणा, तो लावून येईल. काम संपल्यावर मानधन आणि सही, दोन्ही त्याच दिवशी.

ती सही अशी हवी. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अल्बम तर पहिल्या दिवसापासून जगभर वाजणार. म्हणून कामाचं नाव, मुदत, ‘जगभर’ हा शब्द आणि मोबदला, या चार गोष्टी एका पानात लिहाच. सोबतचे मित्र आहेत म्हणून सोडू नका. प्रत्येक गाण्याला एक कागद, त्यावर शब्द कुणाचे किती टक्के, संगीत कुणाचं किती, आणि मास्टरची मालकी वेगळ्या ओळीत. भांडण गाणं चाललं तरच होतं, म्हणून ते चालण्याआधी लिहा. आणि कुणी लेबलवाला ‘रॉयल्टी कायमची सोडली’ असा करार पुढे करत असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा असा सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याशिवाय तो कुणाच्या नावे करता येत नाही.

प्रश्न : मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याच्या गाण्यांत शिव्या आहेत, आमच्या भागातल्या एका बिल्डरचं आणि नगरसेवकाचं नाव घेतलंय. गाणं चांगलं आहे हे मलाही कळतं. पण पोलीस घरी येतील का? (ठाणे, वर्तकनगर)

ताई, तुमची काळजी रास्त आहे, आणि गाणं ऐकून मग विचारलंत हे विशेष. शिव्या आणि नावं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

सार्वजनिक जागी लोकांना उपद्रव होईल असं अश्लील गाणं म्हणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे चौकातल्या कार्यक्रमाला जास्त लागतं. स्ट्रीमिंगवर त्याने निदान ‘एक्स्प्लिसिट’ ही खूण लावावी. ती लपवल्यास गाणं उतरवलं जाऊ शकतं. सोबत स्वच्छ आवृत्ती करून ठेवावी. मिक्स उघडा असतानाच दहा मिनिटांचं काम असतं, सहा महिन्यांनी फाइल सापडत नाही. शब्द नुसता कापला तर ओळीला भोक पडतं. तिथे स्नेअरचा ठोका किंवा उलटा फिरवलेला आवाज बसवतात. कार्यक्रमात हीच आवृत्ती वापरायची.

नावांचं प्रकरण गंभीर. अमक्याने पैसे खाल्ले असं नाव घेऊन म्हटलं की ती बदनामी ठरू शकते, कलम ३५६. ती फौजदारी तर आहेच, वर दिवाणी दावाही होतो. न्यायालयात ‘सगळ्यांना माहीत आहे’ चालत नाही, कागद लागतो. आपल्या शाहिरांनी आणि भारुडकारांनी यावर फार पूर्वी तोडगा काढलाय : माणसाचं नाव न घेता त्याचा थाट, त्याची गाडी, त्याचं बोलणं उभं करायचं. ऐकणाऱ्याला ओळख पटतेच. अर्थात इतकं हुबेहूब की दुसरा कुणी असूच शकत नाही, असं केलं तर नाव न घेऊनही बदनामी होऊ शकते. जातीवाचक शब्द मात्र कुठल्याही सबबीखाली नको. अल्बम बाहेर पडण्याआधी ती एक-दोन गाणी वकिलाला लेखी दाखवावीत. ऐकवू नयेत, लेखी द्यावीत.

प्रश्न : गाणी किती असावीत? आणि व्हायनल काढावी का? (सीवूड्स)

आठ ते दहा गाणी, तीस-पस्तीस मिनिटं. सात गाण्यांहून कमी आणि अर्ध्या तासाच्या आत असेल तर बहुतेक सेवा त्याला ईपी, म्हणजे छोटा अल्बम म्हणतील. चढ्या आवाजाची तीन गाणी सलग आली की चौथं ऐकूच येत नाही, मध्ये एक कमी वेगाचं किंवा नुसत्या बोलण्याचं ठेवा. व्हायनल नको. जोरकस बेसची १२ इंची तबकडी एका बाजूला अठरा मिनिटांच्या पुढे नेली की चर अरुंद होऊन आवाज घटतो, आणि छापाईचा खर्च टी-शर्ट विकूनही निघणार नाही.

प्रश्न : सगळी गाणी तयार आहेत. पुढच्या शुक्रवारी टाकायचा विचार आहे. काय काय लागेल? (पनवेल)

पुढचा शुक्रवार विसरा. शुक्रवार बरोबर आहे, २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात. पण तो आजपासून सहा ते आठ आठवड्यांनंतरचा हवा.

उलटं मोजा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायला ते प्रसिद्धीच्या निदान सात दिवस आधी त्यांच्या यंत्रणेत पोचलेलं लागतं, आणि एका रिलीजमधलं एकच गाणं पाठवता येतं. प्रसिद्ध झाल्यावर पाठवायची सोयच नाही. सात दिवस ही किमान अट झाली, फाइल डिस्ट्रिब्युटरकडे चार आठवडे आधी द्या. कव्हर परत येणं, नाव चुकणं, या दुरुस्त्यांतच दोन आठवडे जातात. त्याआधी मास्टरिंगला एक आठवडा, आणि मिक्स झाल्यावर कानांना चार दिवस सुट्टी.

फाइल द्यायची ती डब्ल्यूएव्ही, २४ बिट. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. त्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, कुठल्याही अ‍ॅपचा लोगो नको, तेवढ्यावरून परत येतं. कव्हरवर लिहिलेलं नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षरशः एक हवं. मराठी कलाकारांचा इथेच घोळ होतो. एका गाण्यात नाव देवनागरीत, दुसऱ्यात रोमन, तिसऱ्यात रोमनच पण एक ‘ए’ जास्त. मग सेवा तीन वेगळे कलाकार उभे करते आणि तुमचे ऐकणारे तीन जागी विखुरतात. एक स्पेलिंग ठरवा आणि पाहुण्या रॅपरचंही त्याच्याकडून लेखी घ्या. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, हिंदी निवडून जास्त पोचेल हा भ्रम आहे.

प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक मिळतो, अल्बमला यूपीसी हा वेगळा क्रमांक. डिस्ट्रिब्युटर ते देतो. लिहून ठेवा. एखादं गाणं आधी सिंगल म्हणून काढलं असेल आणि तेच मास्टर अल्बममध्ये जात असेल तर जुनाच आयएसआरसी भरा, नाहीतर जमवलेले स्ट्रीम शून्यावर येतात. स्वच्छ आवृत्तीला मात्र वेगळा क्रमांक. शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं, डिस्ट्रिब्युटर ते पैसे आणत नाही. हे माहीत नसल्याने अनेकांचे तिथेच पडून राहतात. आणि स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला मास्टरचा पैसा लागू होत नाही. तेव्हा पहिल्या महिन्याच्या कमाईवर व्हिडिओचं कर्ज काढू नका.

गणपतीच्या पंधरवड्यात हार्डकोर अल्बम आणू नये असं आमचं मत. ज्यांच्या जिवावर तो पसरायचा ती सगळी पोरं मंडपात असतात.

प्रश्न : अल्बमचा पहिला कार्यक्रम करतोय, दोनशे लोक. मागच्या वेळी माइक सारखा शिट्टी मारत होता. परवानग्या कोणत्या? (दिघा आणि उपवन, दोन पत्रं)

शिट्टीचं कारण तुमच्या हातात आहे, शब्दशः. रॅपर माइकची जाळी मुठीत धरतो. मागचा आवाज न घेण्याची माइकची जी रचना असते ती जाळीच्या मागच्या फटींवर अवलंबून आहे. त्या झाकल्या की माइक चहूकडून ऐकू लागतो, त्यात मॉनिटर, म्हणजे मंचावर तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकरही आला. मूठ दांड्यावर, जाळीच्या खाली. मॉनिटर माइकच्या पाठीकडे. साउंडवाल्याला शिव्या घालण्याआधी एवढं करून बघा.

पाठीमागे पूर्ण गाणं वाजवून त्यावर ओरडू नका. मिक्सच्या वेळीच शोसाठी वेगळी फाइल काढा, मुख्य आवाज बंद, डबल आणि अ‍ॅड-लिब चालू. दम घ्यायला जागा मिळते आणि लबाडीही दिसत नाही. ४४.१ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही दोन पेन ड्राइव्हवर, तिसरी फोनमध्ये, फोन एअरप्लेन मोडवर. गाण्याच्या मध्यात आईचा फोन वाजणं ही कल्पित भीती नाही.

उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. उपवनचा अर्ज ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत, दिघ्याचा नवी मुंबईच्या. पत्ता ठाणे जिल्हा असला तरी चुकीच्या ठाण्यात जाऊन दिवस घालवू नका. बाग किंवा मैदान पालिकेचं किंवा सिडकोचं असेल तर जागेची परवानगी आधी, तिची प्रत पोलिसांच्या अर्जाला जोडायची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हार्डकोर त्यात बसत नाही. म्हणून दोनशे लोकांसाठी बंद सभागृह किंवा एखाद्या कॅफेचा हॉल बघा, साडेसातला सुरू करा आणि सव्वानऊला शेवटचं गाणं ठेवा. मध्ये डीजे दुसऱ्यांची गाणी वाजवणार असेल तर त्याच्या परवान्याचं जागेच्या मालकाशी आधी बोलून घ्या. पुष्कळ हॉलकडे तो वर्षभराचा असतो. साउंड चेक दाराशी लोक यायच्या दोन तास आधी, रिकाम्या हॉलमध्ये बेस थोडा जास्तच वाटेल. माणसं भरली की चढ्या पट्टीतला आवाज त्यांच्या कपड्यांत मुरतो, तेव्हा दुसऱ्या गाण्यानंतर माइकचा ३ किलोहर्ट्झ दोन डेसिबल वर करायला साउंडवाल्याला सांगून ठेवा.